गाडी गरम होऊन राहिली, गॅरेजवाले म्हणतात गॅसकेट गेलं. इंजिन खोलण्याआधी घरी काय पाहू?

पूर्णाकाठचा (२० मे, रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी. मी दर्यापूर तालुक्यातला. गाडी २०१४ ची डिझेल हॅचबॅक, १ लाख ३२ हजार किलोमीटर झालेली, तीन वर्षांपूर्वी जुनी घेतली. पंधरा दिवसांपासून अमरावतीच्या रस्त्यानं वीसेक किलोमीटर गेलं की काटा अर्ध्यावरून वर सरकायला लागतो. बाजूला घेऊन उभी केली की हळूहळू खाली येतो. दोनतीन दिवसांआड पांढऱ्या प्लास्टिकच्या टाकीत पाणी कमी झालेलं दिसतं, मी भरून देतो.

गॅरेजमध्ये दाखवली. बोनेट उघडून पाच मिनिटं पाहिलं आणि सांगितलं, हेड गॅसकेट, म्हणजे इंजिनाच्या डोक्याखालचं पॅकिंग, गेलं, इंजिन खोलावं लागेल, २५ ते ३० हजार धरा, गाडी आठ दिवस ठेवून जा.

माझी अडचण वेगळी आहे. बायकोचे दिवस भरत आले. डॉक्टरांनी १२ जून सांगितली आहे. पहिल्या खेपेला सिझेरियन झालं, म्हणून या वेळी अमरावतीलाच न्यायचं ठरलं, आणि ते इथून पन्नासेक किलोमीटर. रात्री-बेरात्री निघावं लागलं तर हीच गाडी. पेरणीही तोंडावर आली, बियाण्याचे पैसे बाजूला काढून ठेवलेले आहेत. पाने-पकड घरी आहेत आणि हात काळे करायची तयारी आहे. नेमकं काय आणि कोणत्या क्रमानं पाहू, ते कोणी सांगेल का?

धुऱ्यावरचा

थर्मोस्टॅटचा वॉल काढून टाका. आमच्याकडे सगळ्यांनी काढले. एका तासाचं काम, पुन्हा कधी गरम होणार नाही.

तेराचा_पाना

थांबा भाऊ, घाई नका करू. मी २९ वर्षं एसटीच्या वर्कशॉपात काढले. नुसतं बोनेट उघडून गॅसकेट गेलं असं कोणालेच सांगता येत नाही. आधी माह्या चार प्रश्नांची उत्तरं द्या:

काटा गाडी पळताना चढते की उभी असताना? एसी लावला तर समोरचा पंखा फिरते का? ऑइलचं झाकण उघडून पाहिलं का, आतून ताकावरच्या लोण्यासारखं पांढरट काही चिकटलं आहे का? अन् चौथा सगळ्यात महत्त्वाचा, पाणी कोणतं टाकता?

पुण्यातला_वऱ्हाडी

माझं मत वेगळं आहे. घरी गरोदर बाई आहे आणि तारीख तीन आठवड्यांवर. अशा वेळी प्रयोग नकोत. अमरावतीत किंवा अकोल्यात चांगल्या ठिकाणी गाडी द्या, सगळं तपासून घ्या. वाटेत रात्री दोन वाजता गाडी बंद पडली तर वाचवलेल्या पैशाचं काय करणार?

पूर्णाकाठचा (२१ मे, सकाळी ७.१५)

@तेराचा_पाना काका, काटा पळतानाच चढतो. ७०-८० च्या वेगानं, वीसेक किलोमीटरनंतर. दर्यापूरच्या बाजारात कितीही वेळ उभी ठेवली तरी अर्ध्यावरच असतो. एसी लावताच पंखा फिरतो, आवाज येतो. ऑइलचं झाकण आताच पाहिलं, आतून काळं आहे, पांढरं काही नाही. पाणी बोअरचं टाकतो, आणखी कोणतं टाकणार?

@पुण्यातला_वऱ्हाडी भाऊ, तुमचं म्हणणं खोटं नाही. पण अमरावतीला न्यायची म्हटली तरी पन्नास किलोमीटर चालवावी लागेलच. आधी काय झालं ते कळलं तर तिथं जाऊनही नीट बोलता येईल.

तेराचा_पाना

झालं, अर्धं निदान तुम्हीच केलं.

उभी असताना गरम होते अन् पळताना थंड होते, तर दोष पंख्याकडचा. मोटर, रिले, फ्यूज, सेन्सर. कारण उभ्या गाडीले हवा फक्त पंखाच देते. तुमचं उलटं आहे. पळताना हवा भरपूर भेटते, तरीही गरम होते. म्हणजे इंजिन जेवढी उष्णता देऊन राहिलं तेवढी रेडिएटर बाहेर टाकू शकत नाही. एकतर आतून पाणी पुरेसं फिरत नाही, नाहीतर बाहेरून हवाच आरपार जात नाही. गॅसकेट त्यानंतरची गोष्ट.

अन् बोअरचं पाणी म्हणाले तवा तर माह्या मनात काही शंकाच उरली नाही. दर्यापूर म्हणजे खारपाणपट्टा. पूर्णेच्या खोऱ्यातलं अकोला, अमरावती, बुलढाण्याचं जे पाणी पिकाले चालत नाही, पिवाले चालत नाही, ते तुम्ही इंजिनाले पाजून राहिले. घरच्या कुलरची ताटी पाहा. मार्चमध्ये नवी लावली की मे संपता संपता पांढरी खडखडीत होते ना? तोच थर रेडिएटरच्या नळ्यांत बसते. कुलरची ताटी शंभर-दोनशेत बदलता येते. रेडिएटरच्या नळ्या आगपेटीच्या काडीएवढ्या बारीक असतात, तिथं एवढासा थर बसला तरी वाट बंद.

सोनमोहर

काकांचं बरोबर आहे. मी दारव्ह्याजवळ शाळेवर शिकवते, रोज ४४ किलोमीटर स्वतः गाडी चालवते. मागच्या वर्षी हाच त्रास झाला होता, म्हणून थोडं सांगते.

माझी गाडी पौषात एकदम ठीक होती. एप्रिलपासून गरम व्हायला लागली. मला वाटलं अचानक काही बिघडलं. अचानक नव्हतं. पाणी साधारण ९० अंशांवर चालतं असं धरा. बाहेर २५ असेल तर फरक ६५ चा. बाहेर ४५ असेल तर फरक ४५ चाच उरतो. म्हणजे तोच रेडिएटर मे महिन्यात जवळपास एक तृतीयांश कमी उष्णता बाहेर टाकतो. थोडा तुंबलेला रेडिएटर थंडीत निभावून नेतो आणि नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, आला की हात टेकतो. वर्गात मुलांना हेच उदाहरण देते मी आता.

धुऱ्यावरचा

मी वॉल काढा म्हणालो त्यावर कोणी बोललंच नाही. माह्या गाडीतला चार वर्षांपासून काढलेला आहे. काही झालं नाही.

सोनमोहर

@धुऱ्यावरचा दादा, माझ्याही गाडीतला काढला होता, म्हणून तेच लिहिणार होते. थर्मोस्टॅट काढल्यावर हिवाळ्यात इंजिन तापायलाच वीस मिनिटं लागायची. माझं डिझेल वाढलं, लिटरला दोन-अडीच किलोमीटर कमी. हीटर कोमट. आणि उन्हाळ्यात गरम व्हायचं ते झालंच. कारण दोष त्यात नव्हताच.

तेराचा_पाना

थर्मोस्टॅट म्हणजे दरवाजा आहे. पाणी ठरलेल्या तापमानापर्यंत तापेस्तोवर तो रेडिएटरची वाट बंद ठेवते, मग उघडते. काही इंजिनांत तो उघडला की त्याच्याच मागच्या चकतीनं बायपासची वाट बंद होते. अशा इंजिनातून तो काढला तर पाण्याचा मोठा हिस्सा रेडिएटरमध्ये न जाता तसाच परत इंजिनात फिरते. म्हणजे थंड कराले काढला अन् गरम झालं. तुमच्या गाडीचं नशीब, धुऱ्यावरचे भाऊ, की तिचं इंजिन तशातलं नाही. पण दुसऱ्याले सांगू नका.

अडकला असंन तर नवा टाका. अडकला आहे की नाही हे मात्र घरी पाहता येते. @पूर्णाकाठचा, इंजिन गरम झालं की रेडिएटरच्या वरच्या अन् खालच्या जाड रबरी नळीजवळ हात न्या, पंख्यापासून सांभाळून. वरची चटका देते अन् खालची थंडगार, तर एकतर थर्मोस्टॅट उघडत नाही, नाहीतर रेडिएटर तुंबला.

कोळसापट्टी

आमच्याकडे वणीले पाण्याचा नाही, धुळीचा प्रश्न. कोळशाच्या ट्रकमागून दोन वर्षं गाडी चालवली तर रेडिएटरच्या जाळीत काळा लेप बसते. बाहेरून पाहून काही कळत नाही. समोर दिसते तो एसीचा कंडेन्सर, रेडिएटर त्याच्या मागं. दोघांच्या मधली फट पाहाची, टॉर्च लावून.

धुऱ्यावरचा

हे बाकी खरं. सोयाबीन काढणीच्या टायमाले ट्रॅक्टरचा रेडिएटर दिवसातून दोनदा झाडावा लागते. कुटार जाऊन बसते जाळीत. थ्रेशरजवळ उभा केला की तासाभरात काटा वर. आम्ही गोणपाटाचा पडदा लावतो समोर, तरी जाते.

धानाचा_भारा

भंडाऱ्याकडे तेच धानाच्या कोंड्याचं. पण लक्षात ठेवा, झाडताना हवा आतून बाहेर मारायची, इंजिनाच्या बाजूनं समोरच्या बाजूकडे. समोरून मारली की कचरा आणखी खोल जातो. आणि गाड्या धुण्याच्या मशीनचा फवारा जवळून मारू नका, पातळ पत्र्या वाकतात. एकदा वाकल्या की हवा जाण्याची वाट कायमची बंद.

पूर्णाकाठचा (२१ मे, रात्री ८.०५)

आज संध्याकाळी इंजिन पूर्ण गार झाल्यावर समोरचं काढलं. मंडळी, खरं सांगतो, पाहून अंगावर काटा आला. कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत कापूस! बोटभर जाडीचा, गादी पिंजून ठेवावी तसा. आमच्या अंगणात दिवाळीनंतर कापसाची गंजी होती, गाडी तिच्याच बाजूला तीन महिने उभी राहायची. पंखा फिरायचा आणि आपल्याच हातानं कापूस ओढून घ्यायचा. त्यावर धूळ, त्यावर चिलटं. बायकोनं स्वेटर विणायची सुई दिली, तिनं अलगद ओढून काढला. परातभर निघाला.

आता पाणी बदलू का? रेडिएटरचं झाकण अजून उघडलं नाही.

परिचारिका_मेळघाट

झाकणाचा विषय निघाला म्हणून मध्येच लिहिते, गाड्यांमधलं मला कळत नाही. मी आरोग्य केंद्रात काम करते. दर उन्हाळ्यात एखादा तरी माणूस हात, छाती, कधी चेहरा भाजून येतो, गरम गाडीचं झाकण उघडलं म्हणून. गेल्या वर्षी एक तरुण पोरगा आला होता. झाकणावर ओला दुपट्टा टाकून फिरवलं म्हणे. दुपट्ट्यानं काही थांबत नाही.

भाजलंच तर वाहत्या साध्या पाण्याखाली २० मिनिटं धरा. पूर्ण वीस. अंगठी, कडं, घड्याळ लगेच काढा, नंतर सूज येते. बर्फ नको, टूथपेस्ट नको, हळद नको, शाई नको. फोड फोडू नका. स्वच्छ कापडानं सैल झाकून दवाखान्यात या. ही टूथपेस्ट पुसून काढताना माणूस ज्या वेदनेनं ओरडतो ते आम्ही रोज ऐकतो, म्हणून एवढं कळकळीनं सांगते.

तेराचा_पाना

ताईंचं एकेक अक्षर खरं आहे. माह्या उजव्या दंडावर १९९४ चा डाग आहे.

झाकण म्हणजे कुकरचं झाकण समजा. साधं पाणी १०० अंशाले उकळते. कुकरात दाब असते म्हणून त्याहून वर जाऊनही उकळत नाही. रेडिएटरच्या झाकणावर आकडा छापलेला असते, ०.९ किंवा १.१. तेवढा बार दाब ते धरून ठेवते, म्हणून आतलं पाणी १०० च्या वर १५-२० अंश जाऊनही पाणीच राहते. तुम्ही झाकण फिरवलं की दाब गेला अन् उकळतं पाणी अन् वाफ एका क्षणात अंगावर. म्हणून गाडी बंद करून निदान दोन-तीन तास थांबा. वरची नळी हातानं दाबून पाहा. मऊ अन् गार लागली तरच हात लावा.

अन् याचा दुसरा अर्थही ध्यानात घ्या. कुकरची रिंग सैल झाली की शिट्टी होत नाही, वाफ कडेनं जाते. झाकणाचं रबर गेलं की रेडिएटरचंही तसंच, पाणी लवकर उकळते अन् थोडं थोडं बाहेर जाते. तुमचं दोन दिवसांआड कमी होणारं पाणी तिकडूनच जात असंन. उद्या सकाळी थंड गाडीचं झाकण काढा, रबर पाहा, आजूबाजूले पांढरे ओघळ दिसतात का पाहा.

चिखलदऱ्याची_वाट

आम्ही परतवाड्याहून वर गाडी नेतो तेव्हा घाटात काटा चढला तर एसी बंद आणि हीटर पूर्ण गरमवर, पंखा मोठा. काचा खाली. मे महिन्यात गाडीत बसवत नाही, पण पाच मिनिटांत काटा उतरतो. हीटर हाही एक छोटा रेडिएटरच असतो, इंजिनाची उष्णता तो गाडीच्या आत ओढून घेतो. पाहुण्यांना मात्र आधी सांगावं लागतं, नाहीतर त्यांना वाटतं ड्रायव्हरलाच ऊन लागलं.

पुण्यातला_वऱ्हाडी

हा हा. हे मी लहानपणी काकांच्या जीपमध्ये अनुभवलं आहे, आजी भर मे महिन्यात शाल मागत होती की काय असं वाटलं होतं.

धानाचा_भारा

रेडिएटर गळत असेल तर चमचाभर हळद टाकतात, ते कोणी लिहिलं नाही अजून.

तेराचा_पाना

टाकतात, अन् गळती थांबतेही. जंगलात अडकला असान तर टाका अन् घरी या. पण ती हळद गळणारं भोकच ओळखत नाही, ती हीटरच्या नळ्याही बुजवते अन् रेडिएटरच्याही. घरी आल्यावर पूर्ण धुवून काढावं लागते. भाऊंचं आधीच तुंबलेलं आहे, तिथं हळद नकोच.

मोटारवेडा_अकोला

आमच्या गल्लीत एकानं क्षार काढायला संडास धुवायचं ॲसिड टाकलं होतं. आजकालचे रेडिएटर ॲल्युमिनियमचे. दुसऱ्या दिवशी चाळणी झाली होती. कोणी सुचवलं तर ऐकू नका.

पूर्णाकाठचा (२२ मे, दुपारी १२.३०)

सकाळी सहाला, रात्रभर गार झालेली गाडी. वरची नळी मऊ होती. झाकण काढलं. रबर तडकलेलं, नखानं दाबलं तर तुकडा निघाला. झाकणाच्या आतल्या बाजूला पांढरट-तपकिरी खपली, चुलीवरच्या पाणी तापवायच्या हंड्याच्या बुडाला असते तशी. पाणी चहाच्या रंगाचं.

काकांनी फोनवर सांगितलं तसं झाकण उघडं ठेवूनच इंजिन चालू केलं. सुरुवातीला दोनचार बुडबुडे आले आणि थांबले. पाच मिनिटं पाहत होतो, सलग काही येत नव्हतं. धुराड्यातून पांढरा धूर नाही. ऑइलची काडी स्वच्छ.

गॅसकेट गेलं नसेल ना हो?

तेराचा_पाना

गॅसकेट गेलं असतं तर जळालेला गॅस पाण्यात शिरला असता अन् बुडबुडे थांबलेच नसते. सकाळी गार गाडीचीही नळी टणक लागली असती. शंभर टक्के सांगत नाही, पण मी असतो तर आज इंजिन खोललं नसतं. आता सगळं पाणी काढा.

सोनमोहर

काढताना एक गोष्ट, हात जोडून सांगते. आधीच्या मालकानं कूलंट टाकलेलं असू शकतं. कूलंट चवीला गोड असतं आणि विषारी. नालीत, अंगणात सांडू नका. आमच्या शेजारच्यांचं कुत्रं असंच गेलं, तीन दिवस तडफडत होतं. कोंबड्या, वासरू, शेळ्या, सगळ्यांनाच धोका. घमेल्यात धरा, झाकणाच्या डब्यात भरून ठेवा. आणि घरात मोठं मूल आहे ना तुमच्या, ते त्या वेळी आजीजवळ असू द्या.

नवीन पाण्यासाठी बॅटरीचं पाणी आणा, डिस्टिल्ड. इन्व्हर्टरसाठी सगळ्यांच्याच घरी असतं. पाच लिटरचा कॅन कृषी केंद्राच्या बाजूच्या बॅटरीवाल्याकडेही मिळतो. फक्त ते पाणीच आहे याची खात्री करा, बॅटरीचं ॲसिडही तशाच कॅनमध्ये येतं.

मोटारवेडा_अकोला

आरओचं पाणी नाही का चालणार? किंवा एसीतून ठिबकतं ते?

तेराचा_पाना

अडचणीत बोअरपेक्षा दोन्ही बरे. पण आरओच्या पाण्यातही थोडे क्षार राहतात अन् एसीच्या पाण्यात धूळ येते. बॅटरीच्या पाण्याले पैसेच किती लागतात?

आता पद्धत. थंड गाडीचं रेडिएटरखालचं बूच उघडा, नसंन तर खालची नळी सैल करा. पाणी पूर्ण जाऊ द्या. बूच लावा, बॅटरीचं पाणी भरा, हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालवा, पंखा एकदा लागून बंद होईस्तोवर. पूर्ण थंड होऊ द्या, पुन्हा काढा. पाणी स्वच्छ निघेस्तोवर असंच. तीनचारदा लागंन. थर्मोस्टॅट त्याच वेळी काढून तपासून घ्या.

पूर्णाकाठचा (२४ मे, रात्री १०.१०)

दोन दिवस हेच चाललं. चौथ्या खेपेला पाणी स्वच्छ निघालं, पहिल्या खेपेला मातीच निघाली होती.

थर्मोस्टॅट काढला. आईनं चहाचं जुनं पातेलं दिलं, ते आता गाडीचंच, स्वयंपाकघरात परत जाणार नाही. शेजारच्या मास्तरांनी शाळेतला थर्मामीटर आणून दिला, ११० अंशांपर्यंतचा. थर्मोस्टॅट दोऱ्यानं लटकवला, बुडाला टेकू दिला नाही. त्यावर ८८ कोरलेलं होतं. ८७ ला केसाएवढी फट दिसली, उकळी फुटेपर्यंत करंगळीचं टोक जाईल एवढा उघडला. थंड झाल्यावर आपोआप मिटला. घरातले सगळे चुलीभोवती जमून पाहत होते, मुलगी टाळ्या वाजवत होती. म्हणजे तो चांगला आहे. तोच परत लावला, नवं पॅकिंग टाकून.

नवं झाकण आणलं, त्याच आकड्याचं. आज अमरावतीकडे नेऊन पाहिली. पूर्वी वीस किलोमीटरला चढायचा, आज पस्तीसला चढला. फरक पडला, पण पूर्ण नाही. कापूस आणि झाकण हे दोन्ही दोष होते, तिसरा अजून आत आहे.

मोटारवेडा_अकोला

रेडिएटरच्या वेगवेगळ्या जागी तापमान मोजा. कोरोनातली कपाळाला लावायची बंदूक आहे का घरी?

परिचारिका_मेळघाट

ती नाही चालणार हो. ती माणसाच्या अंगासाठी असते, चाळिशीच्या थोडं वर गेलं की आकडाच दाखवत नाही.

मोटारवेडा_अकोला

बरोबर, चूक झाली. कारखान्यातली लागते, ३००-४०० अंशांपर्यंतची. @पूर्णाकाठचा, माझ्याकडे आहे. मी परवा मूर्तिजापूरला येतो आहे, तिथपर्यंत या.

पूर्णाकाठचा (२६ मे, रात्री ९.००)

अकोल्याचे भाऊ आज भेटले. उन्हात तासभर माझ्याबरोबर उभे राहिले, चहाशिवाय काही घेतलं नाही. त्यांचे आभार इथंच मानतो.

इंजिन पूर्ण तापवून रेडिएटरची जाळी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजली. येणाऱ्या नळीजवळ ९३. तिथून पुढं हळूहळू कमी व्हायला पाहिजे होतं. खालचा जवळपास अर्धा भाग एकदम ५४-५५. मधली पायरीच नाही. म्हणजे त्या नळ्यांत गरम पाणी पोहोचतच नाही, अर्धा रेडिएटर मिठानं मेलेला.

तेराचा_पाना

आता शंका नाही. पूर्वीचे तांब्या-पितळेचे रेडिएटर खोलून नळ्यांत सळई मारता यायची, वर्कशॉपात हजारभर तरी केले असतील. तुमचा ॲल्युमिनियमचा, त्याले प्लास्टिकच्या टाक्या दाबून बसवलेल्या. सळई चालत नाही. नवाच टाका. चार बोल्ट, दोन नळ्या, पंख्याचं कनेक्शन. तुम्ही थर्मोस्टॅट काढला आहे, हे तर त्याहून सोपं.

भरताना हवा अडकू देऊ नका. गाडीचं तोंड चढाकडे करा, हीटर गरमवर, झाकण उघडं ठेवून हळूहळू भरा, वरची नळी दाबत राहा. हवा अडकली तर नवा रेडिएटर असूनही काटा चढंन अन् तुम्ही घाबरान.

पुण्यातला_वऱ्हाडी

कूलंट लाल टाकायचं की हिरवं?

तेराचा_पाना

रंगाचं काही खरं नाही, कंपनी बदलली की रंग बदलते. गाडीच्या पुस्तकात जे लिहिलं ते. दोन जातीची मिसळायची नाही. तयार मिश्रणाचं असंन तर पाणी घालायचं नाही, घट्ट असंन तर बाटलीवरच्या प्रमाणात बॅटरीचं पाणी. आपल्याकडे गोठायची भीती नाही म्हणून लोक म्हणतात कूलंट कायले. पण ते गंज अन् क्षार थांबवते अन् पाण्याचा उकळबिंदू वाढवते. विदर्भात तर ते जास्तच पायजे.

पूर्णाकाठचा (३० मे, संध्याकाळी ७.२०)

नवा रेडिएटर काल लावला, स्वतः, धुऱ्याच्या चढावर गाडी उभी करून. सगळा खर्च धरून, रेडिएटर, झाकण, पॅकिंग, कूलंट, बॅटरीचं पाणी: ५ हजार ९०० रुपये.

आज दुपारी दोनला, भर नवतप्यात, मुद्दाम एसी लावून अमरावतीला जाऊन आलो. बाहेर ४५ होतं. येताना-जाताना काटा अर्ध्यावर, दोरीनं बांधल्यासारखा. पाण्याची पातळीही तीच.

@पुण्यातला_वऱ्हाडी, तुमच्या काळजीसाठी अमरावतीत एका ठिकाणी पाण्यात जळालेला गॅस आहे का ते रसायनानं तपासूनही घेतलं. निळं पाणी निळंच राहिलं, म्हणजे गॅस नाही.

पुण्यातला_वऱ्हाडी

हे फार चांगलं केलंत. आता मला झोप लागेल.

परिचारिका_मेळघाट

मनापासून आनंद झाला. तरी १०२ आणि १०८ दोन्ही नंबर घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये असू द्या. गरोदर बाईसाठी १०२ मोफत येते. आधीचं सिझेरियन आहे, तर कळा सुरू व्हायची वाट पाहू नका. पाणी गेलं किंवा पोट सारखं कडक व्हायला लागलं की लगेच निघा. फाईल आणि रक्तगटाचा कागद गाडीतच ठेवा.

पूर्णाकाठचा (११ जून, सकाळी ११.५०)

काल रात्री पावणेदोनला निघालो. तीन वाजायच्या आत अमरावती. पहाटे ५.२० ला मुलगा झाला, २ किलो ९०० ग्रॅम. दोघंही सुखरूप. रस्त्यात बायको माझा हात धरून होती आणि मी दर मिनिटाला काट्याकडे पाहत होतो. तो हलला नाही. तेराचा पाना काका, बारशाला यायचंच आहे.

तेराचा_पाना

येतो. सुनबाईले अन् बाळाले आशीर्वाद.

सोनमोहर

अभिनंदन! मोठ्या बहिणीला घेऊन पेढे खा.

नवीन_सभासद_खामगाव

सगळा धागा वाचला. माझीही गाडी गरम होते, पण उभी असताना. रस्त्यावर ठीक. मीही रेडिएटर बदलू का?

पूर्णाकाठचा

नाही, थांबा भाऊ. तुमचं माझ्या उलटं आहे. आधी एसी लावून समोरचा पंखा फिरतो का पाहा. फिरत नसेल तर फ्यूज, मग रिले. आणि सांगा, पाणी कोणतं टाकता?